उलट बाजूचा फोटो

माझी वहिनी दिवसभर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसते, अशी आमच्या नातेवाइकांत तिची ख्याती होती. ही ख्याती पसरवणाऱ्यांपैकी एकही जण कित्येक वर्षांत तिच्याशी धड चार वाक्यं बोललेला नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, त्यामुळे माझीही एक वेगळी ख्याती आहे.

वहिनीला ऐकू येत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मोठा ताप आला आणि उतरताना कान घेऊन गेला. कानातलं मशीन लावलं की भांड्यांचा खणखणाट, खुर्च्यांची सरकासरक सगळं येतं, फक्त शब्द येत नाहीत. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून कळतं. पण घरात चार माणसं जमली की सावकाश कोण बोलतंय? कुणीतरी काहीतरी गंमत करतो, सगळे हसतात, वहिनी विचारते काय झालं, आणि शेजारचा म्हणतो, "काही नाही गं, असंच." माझं डोकं फिरतं. वहिनीचं फिरत नाही. ती हसणाऱ्यांबरोबर हसते, आणि मला ते जास्त लागतं.

ती कपडे आल्टर करून देते. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्यासमोर उभा आरसा, दारामागे चिठ्ठ्या टाचलेल्या पिशव्या. पॅन्टची उंची कमी करा, कमरेत सोडा, चेन बदला. गिऱ्हाईक गप्पा मारायला लागलं की ती तोंडात टाचण्या धरते. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही.

याच खोलीतून तिने शिवणकाम करणाऱ्यांचा मोबाईलवरचा ग्रुप सुरू केला. तिथे तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती बहिरी आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, सांगायची वेळच आली नाही. लिहिलेलं सगळ्यांपर्यंत एकाच वेळी पोचतं. घरात दोन शब्दांना महाग असलेली ही बाई तिथे अशी काही फटाफट बोलायची की मला दादाचा संसार नव्याने कळायला लागला. मी वरच्या मजल्यावर राहते. दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन उचलून घरी आले की तिच्या खांद्यावरून ग्रुप वाचणं हा माझा विरंगुळा होता.

ग्रुपचा नियम एकच. कपडा शिवला की दोन फोटो टाकायचे, सुलट बाजूचा आणि उलट बाजूचा. इस्त्री मारून सुलट बाजू कुणीही देखणी करतो. धागा कुठे गुंतला, कुठे उसवून परत शिवलं, ते आतून दिसतं. आणि ज्याने स्वतःची उलट बाजू दाखवली नाही, त्याने दुसऱ्याच्या उलट बाजूबद्दल बोलायचं नाही.

निवृत्तीनंतर शिवण शिकणारे एक बस ड्रायव्हर होते, सगळ्यांचे ड्रायव्हरकाका. त्यांनी नातवासाठी पहिली पॅन्ट शिवली ती दोन्ही डाव्या पायांची. कापड न उलटता दोन्ही तुकडे कापले की असं होतं. काकांनी आतून-बाहेरून फोटो टाकून लिहिलं, "नातू आता फक्त डावीकडेच वळेल." वहिनीने उत्तर दिलं, "मग गोल फिरून घरीच येईल, बरं आहे की." हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली, आणि मग लोकांनी काकांना कापड कसं उलटायचं ते शिकवलं. तेव्हापासून काका आणि वहिनी रोज बोलत. वहिनीला मित्र मिळाला होता, आणि तो तिच्याशी बोलताना आवाज चढवत नव्हता.

मग ग्रुप वाढला. त्यात एक बाई आली. तिच्या फोटोच्या जागी कात्री होती, म्हणून तिचं नाव कात्री पडलं. आल्या आल्या तिने वहिनीला एकटीलाच स्वतःच्या पहिल्या स्कर्टची उलट बाजू पाठवली होती. "ग्रुपवर टाकायची लाज वाटते, कुणाला दाखवू नका." वहिनीने तिला पानभर लिहून समजावलं आणि नियमातून सूट दिली. वहिनीचा स्वभावच तसा.

कात्रीची लाज फार दिवस टिकली नाही. एकाच्या शर्टाखाली तिने लिहिलं, "ही शिवण कपड्याची की ऑपरेशनची?" मी हसले. वहिनीही हसली. ज्याचा शर्ट होता तोही हसला, बिचारा दुसरं काय करणार? त्या एका वाक्याला जेवढे लाइक आले तेवढे वर्षभरात कुणाच्या शिवणीला आले नव्हते. झालं. सगळ्यांनाच कात्री व्हायचं होतं, पण धार एकीलाच होती. बाकीचे नुसतेच टोचत. सुईत दोरा ओवता न येणारे लोक फक्त बघायला येऊ लागले. उचलली जीभ लावली टाळ्याला, इथे तर जीभही उचलावी लागत नाही. वहिनी विनवण्या करायची, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकाने लिहिलं, "मास्तरीणबाई, शाळा सुटली, घरी जा." हळूहळू लोकांनी उलट बाजू टाकणं बंद केलं. सुलट बाजू टाकत, तीही लांबून.

"काढून टाक ना सगळ्यांना," मी म्हणायची.

"एकाला काढलं की वीस जण भांडायला येतात," ती म्हणायची. "आणि कात्री वाईट नाही गं. घाबरट आहे."

त्यातच काकांनी गाऊन टाकला. त्यांच्या बायकोची एक बाजू लुळी पडली होती. हात वर होत नव्हता, म्हणून काकांनी गाऊन एका अंगाने खांद्यापासून खालपर्यंत उघडा ठेवून बंद लावले होते. आणि झोपून झोपून तिच्या पाठीला शिवणी रुतू नयेत म्हणून सगळ्या शिवणी मुद्दाम बाहेरच्या बाजूला घेतल्या होत्या. हे सगळं त्यांनी फोटोखाली लिहिलं होतं. वाचतो कोण? "काका, एक बाजू शिवायची राहिली." "उलटाच शिवलात की." काका प्रत्येकाला अहोजाहो करून समजावत बसले. मग कात्रीने ती जुनी डावी पॅन्ट शोधून आणली आणि लिहिलं, "आधी दोन्ही पाय डावे, आता सगळंच उलटं. त्यापेक्षा बायकोलाच उलटी झोपवा."

म्हणजे तिने वाचलं होतं. वाचून लिहिलं होतं.

वहिनी तेव्हा एका जॅकेटची चेन उसवत होती आणि मी शेजारी बसले होते. तिने जॅकेट बाजूला सारलं. कात्रीच्या स्कर्टचा तो जपून ठेवलेला फोटो शोधून काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दुसऱ्यांना उलट-सुलट शिकवणाऱ्या बाईंची ही स्वतःची उलट बाजू."

"बरं केलंस," मी म्हणाले. "जशास तसं."

लाइकचा पाऊस पडला. एवढी माणसं एकदम आपल्या बोलण्याला हसलेली वहिनीने जन्मात पाहिली नव्हती. तासभर ती खुलली होती, खोटं कशाला सांगू. मग लोक स्कर्टवरून कात्रीच्या कमरेवर गेले आणि कमरेवरून तिच्या घरच्यांवर. कात्रीने वहिनीला एकच ओळ पाठवली, "मी तुम्हाला विश्वासाने पाठवला होता," आणि ती निघून गेली. वहिनीने घाईघाईने फोटो काढून टाकला, माफी लिहिली, पण कात्रीने तिला ब्लॉक करून दार लावून घेतलं होतं. फोटो मात्र एव्हाना शंभर जणांकडे पोचला होता.

दुसऱ्या दिवशी काकांचा निरोप आला. "ताई, माझी बाजू घेतलीत, आभार. पण माझ्या गाऊनपायी एका बाईचं असं व्हायला नको होतं. मी ग्रुप सोडतो. मोबाईलही सुनेला देऊन टाकतो आहे. लिहिताना माणसाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणूनच सगळं बिघडतं. कधी बोलावंसं वाटलं तर घरच्या फोनवर बोला." खाली नंबर होता. सल्ला चांगला होता, आणि तो जगात जिला उपयोगी नाही नेमकी तिलाच दिला होता.

वहिनीने ग्रुप बंद केला. संध्याकाळपर्यंत लोकांनी दुसरा काढला, आणि त्याच्या पहिल्या पानावर कात्रीचा स्कर्ट लावला.

त्यानंतर मोबाईल कपाटावर पडून असायचा. नातेवाइकांना बरं वाटलं, वहिनी सुधारली म्हणाले. ती शिवायची, टाचण्या तोंडात असायच्या, समोर गिऱ्हाईक असो वा नसो. दादा काही विचारायचा, ती मान हलवायची. मला तिची भीती वाटायला लागली.

एक दिवस ती आपण होऊन वर आली. "काकांना फोन लावतेस?"

"मी बोलते ना तुझ्या वतीने. तुझं नाव सांगते."

"नको. लावून दे फक्त."

"त्यांना कळेल गं."

"कळू दे," ती म्हणाली. "तिथे मी बहिरी नव्हते. पण आता 'तिथे' उरलंय कुठे?"

पलीकडून 'हॅलो' आलं तसा तिने माझ्या हातातून फोन घेतला. तिचा आवाज आता सपाट झाला आहे. कुठे चढतो, कुठे पडतो तिला कळत नाही, म्हणून परक्यांसमोर ती जपून बोलते. त्या दिवशी जपली नाही. "काका, मी मास्तरीण. मला ऐकू येत नाही. तुमचं बोलणं मला कळणार नाही, म्हणून मी बोलते, तुम्ही ऐका. तो फोटो मी तुमच्यासाठी टाकला असं तुम्हाला वाटलं. तसं नाही. माझी बोलायची एकच जागा होती. ती त्यांनी घाण केली, म्हणून टाकला. आणि मग मीही घाणच केली. मला तुमच्याशी बोलायला मिळत नाही याचं फार वाईट वाटतं." एवढं बोलून तिने फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून काका म्हणाले, "त्यांना सांगाल का? आधी माहीत असतं, तर मी लिहिणं सोडलं नसतं."

"मग आता लिहा ना, काका. ग्रुप नको. तिला एकटीलाच लिहा."

"नाही हो," ते म्हणाले. अगदी हळू, मऊ आवाजात. "आता त्यांना काही लिहायला गेलो की मनात येतं, उद्या हेही त्या कुणाला दाखवतील."

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. काकांचं पहिलं वाक्य तिला एकदाच सांगावं लागलं. दुसरं तिने पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी दर वेळी ओठ नीट हलवत, सावकाश, तेच सांगितलं.