मास्तरांचा आकडा

कार्तिकातल्या एका मंगळवारी मी मास्तरांच्या आकड्यावर रेघ मारली. त्यानंतर ते डोंगरावर आले नाहीत.

मास्तर म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी पाथर्डीकडच्या गाड्यांवर झालेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दसरा झाला की आम्ही दोघं गावामागच्या खिंडीत बसून दक्षिणेला जाणारे गरुड आणि ससाणे मोजायचो. गावातली निम्मी माणसं तोवर ऊसतोडीला गेलेली असायची. "मानसं गेली की ह्यांची गाडी येती," मास्तर म्हणायचे.

तुम्ही कधी असे पक्षी मोजले असतील, तर चूक कुठे होते ते तुम्हाला ठाऊक असेल. ऊन तापलं की गरुड घिरट्या घालत वर चढतात आणि मोजणारा फसतो. एकदा मी उत्साहाने नऊ म्हणालो.

"सर, त्या एकाच गरुडाला तुमी तीनदा बसवलं. ष्टँडात फिरतंय त्याला धरायचं न्हाई. खिंड वलांडली, की मग मोजायचं."

मोजताना ते पेन्सिलीचं टोक एकेका पक्ष्याकडे करायचे, भरल्या गाडीत डोकी मोजावीत तसं. मधे कुणी बोललं की कुरकुरायचे, "आता परत पयल्या शिटापासनं आलं का."

वही माझ्याकडे असे. नियमही मीच केलेला: दोघांनी पाहिलं तरच आकडा धरायचा.

त्या मंगळवारी मला ताप होता. मास्तर एकटेच गेले आणि संध्याकाळी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेला आकडा घेऊन माझ्या घरी आले. तीनशे बेचाळीस. एरवी दिवसभरात वीस-पंचवीस दिसायचे.

"ल्हान हुते सर, कबुतराएवढे. थवेच्या थवे. पाय लाल..."

"सोबत कोण होतं?"

"कोन असनार? मीच."

"मग धरता येणार नाही, मास्तर."

मी आकडा वहीत उतरवला आणि त्यांच्यासमोर त्यावर रेघ मारली. पट्टी लावून. पट्टी कशाला घेतली, आजही सांगता येत नाही.

ते वहीकडे पाहत राहिले. "गाडीतबी मी एकलाच मोजत हुतो," एवढं म्हणाले आणि चहा संपवून गेले.

पुढच्या आठवड्यात निरोप आला, गुडघा दुखतो. पुढच्या वर्षीही गुडघाच. भेटायला गेलो तर रेघेबद्दल बोलावं लागेल, म्हणून मी जाणं लांबवत राहिलो. उन्हाळ्यात ते गेले.

दहाव्याला त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मामांना तुमच्याकडचं पक्ष्यांचं पुस्तक बघायचं हुतं. लाल पायाचा हाय का त्यात, येवढंच. मी म्हनलं, जा की सरांकडं. तर म्हनले, नको, त्यांना वाटंल भांडाया आलो."

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. अमूर ससाणा. कबुतराएवढा, पाय लाल, पावसाळ्यानंतर मोठ्या थव्यांनी आफ्रिकेकडे जातो. पान माझ्या वाचनातलं होतं. समासात माझीच खूण होती.

रेघेखाली मी तो आकडा पुन्हा लिहिला आहे. त्यापुढे दोन नावं लागतात. एक मास्तरांचं आहे. दुसरं मला लिहिता येत नाही. त्या दिवशी मी खिंडीत नव्हतो.