एक थेंब, दाबायचं, झालं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी सगळं सांगतो — कुठल्या डीलरला कसा वाकवला, कुणावर ओरडलो, कुणाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. हे मात्र दोन वर्षं पोटात आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पनवेलला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. स्वतःच्या जिवावर उभं केलेलं. त्याआधी पाच वर्षं पेणला गणपतीच्या कारखान्यात होतो. मूर्ती हलवताना बोट तुटतं, कान उडतो — ते बेमालूम जोडायचं काम माझ्याकडे असायचं. म्हणजे कशाला काय चिकटवायचं ते मला कळतं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे ‘चुकून झालं’ म्हणायला मला जागा नको.

घासाघीस मला आवडते. भाव पाडणाऱ्या माणसाला वस्तू घ्यायची तरी असते. पण करंजाड्याच्या नव्या बिल्डिंगांमधून वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं होतं. वस्तू हातात घ्यायची, अर्धा तास माहिती काढायची, खोक्याचा फोटो मारायचा आणि मोबाइलवरून मागवायची. प्रधानकाका त्यातले. रिटायर्ड ड्राफ्ट्समन. स्वभाव गोड, म्हणून राग जास्तच यायचा. ड्रिल मशीन कसं धरायचं ते मी शिकवलं, मशीन आलं कुरिअरने. वर ते दाखवायला आले! “बघा शेठ, तुमच्यापेक्षा स्वस्तात पडलं.” मी हसलो. त्या दिवशी घरी ताट सरकवून उठलो.

मग एका सकाळी ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. काउंटरवर उघडलं. भाजक्या मातीचा चेहरा — पाच तुकडे. काकूंचा. त्यांच्या मुलीने, मुग्धाने, आई असताना घडवलेला. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. धूळ पुसताना काकांच्या हातून घसरला होता.

“ओठ दाबून हसू आवरायची ती,” काका म्हणाले. “एकाही फोटोत ते आलेलं नाही. इथे आलं होतं. काय लावू सांगा शेठ, यात चूक चालणार नाही.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. रंग न दिलेली माती गम पिते. तिला सावकाश धरणारा गम लागतो — सुताराचा पांढरा, थोडं पाणी घालून. आधी पाचही तुकडे कोरडेच जुळवून बघायचे, मागे नंबर टाकायचे, मग एकेक सांधा घ्यायचा. सरकवून बसवायला वेळ मिळतो. आणि बिघडलंच, तर कोमट पाण्यात ठेवून सांधा सोडवता येतो. दोन मिनिटांचं बोलणं. एवढंच बोलायचं होतं.

पण तेवढ्यात त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

बस. आणखी काही झालं नाही. त्यांनी मोबाइल काढला आणि मी इन्स्टंट गमची ट्यूब पुढे सरकवली. “एक थेंब, दाबायचं, झालं. ड्राफ्ट्समनचा हात आहे काका, तुम्हाला काय अवघड?”

तो गम अशा मातीला क्षणात पकडतो आणि मग सोडत नाही. पहिला सांधा केसभर चुकला की शेवटचा तुकडा बसतच नाही. मला माहीत होतं. त्यांनी ट्यूबचा फोटो काढला, थँक्यू म्हणाले, गेले. मला काय वाटलं? खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. दिवसभर कुणावर ओरडलोसुद्धा नाही.

महिन्याभराने मुग्धा बंगळुरूहून आली. बापलेक दोघं दुकानात आले. तिच्या हातात तो चेहरा होता. सांध्यांवर बुरशीसारखे पांढरे डाग, आणि ओठाची एक बाजू तांदळाच्या दाण्याएवढी वर. आवरलेलं हसू कुठेच नव्हतं. काकू समोरच्याला हिणवत असल्यासारख्या दिसत होत्या.

“हे सोडवता येईल?” तिने मला विचारलं.

“मातीत मुरलाय. सोडवायला गेलं तर कडा जातील.” हे खरं होतं.

ती वडिलांकडे वळली. “कुठल्या मूर्खाने सांगितलं होतं हे लावायला?”

माझे कान तापले. आता म्हातारा नाव घेणार, मग मीच आधी ओरडणार — जो आधी ओरडतो तो अर्धं भांडण जिंकतो, त्यात माझा जन्म गेलाय. तोंड उघडलंही होतं मी. तर काका म्हणाले, “यांनी व्यवस्थित सांगितलं होतं गं. माझाच हात हलला.”

मुग्धा माझ्याकडे बघायला लागली. विचारत होती ती, न बोलता. आणि मी — मान डोलावली. तिथेही थांबलो नाही. म्हणालो, “मी म्हटलं होतं त्यांना, हात स्थिर लागतो.”

“झेपत नाही तर कशाला करता, बाबा?” ती म्हणाली.

काका तिच्या हातातला चेहरा टॉवेलात गुंडाळत राहिले.

गम रागात दिला, धरा. पण ते वाक्य? तेव्हा राग कुठे होता? म्हातारा मला वाचवत होता आणि मी त्याच्याच अंगावर पाय देऊन वर आलो.

आता काका सगळं माझ्याकडूनच घेतात. भाव करत नाहीत, फोटो काढत नाहीत. बल्ब बदलायलाही माणूस मागतात. “हात गेला हो माझा,” असं सहज, हवापाण्याचं बोलावं तसं बोलतात. ड्रॉइंग बोर्ड कुणाला तरी देऊन टाकला. चाळीस वर्षं त्या हाताने रेघा मारल्या होत्या. त्यांनी तो माझ्या एका वाक्यावर मोडीत काढला.

गेल्या आठवड्यात दुकानात बसले होते. चहावाल्याने ग्लास काठोकाठ भरला होता. काका कुठल्याशा पाहुण्याची थट्टा करत होते. बोलता बोलताच त्यांनी ग्लास दोन बोटांत उचलला, ओठांपर्यंत नेला. एक थेंब सांडला नाही. ग्लास हललासुद्धा नाही.

“काय बघताय शेठ?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.