बिनक्लचची गाडी

माझी धाकटी बहीण तीन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. मी तेव्हा सात वर्षांची. तेव्हापासून घरातली प्रत्येक चांगली गोष्ट आधी तिच्याकडे जायची आणि उरलं तर माझ्याकडे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. पांगळ्या बहिणीचा हेवा करणारी मुलगी लोकांना कशी दिसेल, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

रोह्याला आमची भाताची गिरणी होती. मॅट्रिक झाल्यावर बाबांनी मला पेणला, रामवाडीत दिलं. तिला मात्र मुंबईला ठेवून शिकवलं आणि ती वकील झाली. रोह्यातूनच काम बघायची, पण पेणच्या कोर्टातही तिच्या तारखा असायच्या. एस.टी.ची पायरी तिला चढता यायची नाही. मग बाबांनी मुंबईहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली. कुणी परदेशी साहेब आपल्या देशी परत चालला होता, त्याची. तिला क्लचच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे, डाव्या पायाला कामच नाही. उजव्या पायानं ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, की झालं.

लग्नाआधी मी दोन वर्षं बाबांच्या मागे लागले होते, मला गिरणीची जीप शिकवा म्हणून. बाईमाणसाला कशाला हवी, असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती कोर्टाच्या मधल्या सुट्टीत माझ्याकडे जेवायला यायची. मी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी करून ठेवायची. दारात ती लांबलचक फिकट हिरवी गाडी उभी राहिली की आळीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून यायच्या. माझ्या सासूबाई, ज्यांनी माझ्या हातच्या जेवणाला कधी बरं म्हटलं नाही, त्या तिला आग्रह करकरून वाढायच्या. कोर्टातल्या गमती ती रंगवून सांगायची. सगळे हसायचे, मीही हसायची. ती निघाली की मी उंबऱ्यात उभी राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. 

एका शुक्रवारी ती जेवली नाही. सासूबाई आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "ताई, गाडी बिघडली गो. इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. सुकेळीच्या खिंडीत चढावर मागे येते की काय असं वाटलं." बाबा तोवर थकले होते. आमच्या भावांना कळलं असतं तर त्यांनी गाडी विकायला लावली असती आणि मग तिचं पेणचं काम सुटलं असतं. म्हणून ती एकट्या मला सांगत होती. मी काळजीचा चेहरा केला. आतून मला बरं वाटलं, हे आज लिहिते.

कोलाडला हमरस्त्यालगत एक मिस्त्री होते. तिथलंच जुनं मुसलमान घर. बारा वर्षं कुवेतला मोठ्या गॅरेजात काढून आलेले. अशा गाडीचा गिअरबॉक्स उघडलेला माणूस आमच्या भागात तो एकच. मी तिच्यासोबत गेले. त्यांनी इंजिन सुरूच ठेवायला सांगितलं, गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, बोटाला तेल लावून वास घेतला. तेल लाल होतं, सरबतासारखं.

"जळका वास नाय," ते म्हणाले, "म्हंजे आतल्या प्लेटी अजून शाबूत हायत. तेल कमी पडलंय. तेलाचा दाब नाय मिळाला की प्लेटी एकमेकीला धरीत नायत, घसरतात."

त्यांनी तेल भरलं आणि गाडी पहिल्यासारखी पळाली. परतताना बहीण गुणगुणत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

दहा-बारा दिवसांत गाडी पुन्हा घसरायला लागली. तेल पुन्हा कमी. आता मिस्त्री खरेच कोड्यात पडले. तेल जातंय तर जातंय कुठे? त्यांनी गाडीखाली आडवं होऊन प्रत्येक सांधा पुसून बघितला, तळाची तबकडी सोडवली, जाळी धुतली. कुठे थेंब नाही. मला सांगितलं की, पुढच्या वेळी गाडी तुमच्या दारात उभी असेल तेव्हा खाली जुनी पांढरी चादर अंथरा. मी अंथरली. तासाभरानं काढली तर धुळीशिवाय तिच्यावर काही नव्हतं. ती चादर घेऊन आम्ही दोघी पुन्हा कोलाडला गेलो.

मिस्त्रींनी चादर उलटसुलट बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाभी, येक सांगा. गाडी घटकाभर उभी ऱ्हायली आनि मग सुरू केली, की मागून पांढरा धूर येतो काय? वकीलबाईंना आतून दिसायचा नाय. इथं गाडी गरम होऊनच येते, म्हनून मलापन दिसत नाय."

येत होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत होता. जेवून ती निघाली की पहिल्यांदा जमिनीसरशी पांढऱ्या धुराचा लोट सुटायचा, समोरच्या कुंपणापर्यंत जायचा आणि मग विरायचा. हे माझ्याइतकं नेमानं कुणी बघितलं नव्हतं.

"नाय," मी म्हटलं. "तसं काय दिसलं नाय."

का म्हटलं, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला. गाडी कायमची बंद पडावी असं मी ठरवलेलं नव्हतं. पण ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते, उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते दिलं की गाडी बरी होऊन पुन्हा माझ्या दारात येणार होती. तोंडातून 'नाय' निघून गेलं.

मिस्त्रींनी मान हलवली. मग आता अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, महिना तरी जाईल, असं म्हणाले. बहिणीची एका विधवेच्या जमिनीची केस शेवटाला आली होती. तोवर तेल भरत चालवते, मग उतरवा, असं तिनं ठरवलं.

पुढच्या मंगळवारी ती जेवायला आली नाही. चार वाजता एका ट्रकवाल्यानं निरोप आणला की हिरवी गाडी खिंडीत अडकली आहे, बाई आत बसून आहेत. मी मिळेल त्या टेम्पोनं गेले. गाडी चढावर तिरकी उभी होती. मागे सरकता सरकता एक चाक चरात गेलं होतं म्हणून थांबली होती, नाहीतर मागे सगळा उतार होता. सकाळपासून ती तिथं होती. उतरून बाजूला बसावं तर तिची चालायची काठी मागच्या सीटखाली सरकलेली, आणि रस्त्यावरून ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते. अनोळखी माणसाला काठी काढून दे म्हणायला तिला जमलं नाही. तिचे ओठ कोरडे पडले होते. मला बघून ती म्हणाली, "तारीख चुकली गो." 

मी काठी काढून दिली, पाणी पाजलं आणि तिथूनच कोलाडला गेले. मिस्त्री हात धूत होते. मी त्यांना सांगितलं की धूर येतो, पहिल्यापासून येतो, मी खोटं बोलले.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाले, "चूक माजीपन हाय. नळी काढून बघायची सोडून मी तुमच्या शब्दावर ऱ्हायलो."

गाडी ओढून आणल्यावर त्यांनी इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी एक बारीक रबरी नळी उपसली. आतून लाल तेल ठिबकलं. नळीच्या टोकाला मुठीएवढी पत्र्याची डबी होती. तिच्यातला पडदा फाटला होता, आणि तिथून इंजिन थोडं थोडं तेल ओढून जाळत होतं, त्याचाच तो पांढरा धूर. एवढंच. तशी डबी त्यांनी मुंबईच्या भंगार बाजारातून शोधून आणली आणि एका सकाळी बसवली. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. विधवेच्या केसला पुढची तारीख मिळाली आणि निकालही तिच्या बाजूनं लागला. ते नशीब, माझी पुण्याई नव्हे.

बहिणीला मी लगेच सांगू शकले नाही. महिन्याभरानं, खांबच्या अलीकडे गाडीत आम्ही दोघीच असताना सांगितलं. धूर मला दर वेळी दिसत होता म्हटलं, कारण मी दारात उभी राहून बघायची.

तिनं एकदा आरशात बघितलं. मग म्हणाली, "वळणावर मला आरशात दिसायचीस तू. मला वाटायचं, मी नीट जाते की नाही हे बघायला उभी राहतेस." 

दोन आठवडे ती जेवायला आली नाही. तिसऱ्या मंगळवारी आली, नेहमीसारखी जेवली, आणि निघताना किल्ली माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "बस. तुला शिकवते." अंतोऱ्याच्या रस्त्यावर तिनं मला शिकवलं. माझा डावा पाय उगाचच काहीतरी दाबायला शोधायचा आणि ती हसायची. पण महिन्याभरात मला गाडी आली, आणि हेवा जाण्याऐवजी वाढला. आता मला नेमकं ठाऊक होतं, तिच्याकडे काय आहे ते.

पुढे तिनं मुंबईला काम हलवलं आणि गाडी विकून टाकायची ठरवली. तेव्हा तिनं मला एकदाच विचारलं होतं, तुला हवी का म्हणून. घरात सासूबाई होत्या, ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर केलं होतं. मी नको म्हटलं. हवी होती.