कशावरून?

भूगोलाच्या बाईंचा एक प्रश्न सगळ्या शाळेला पाठ होता, "कशावरून?" घरी सासूबाई वैतागायच्या, "हिला भाजी अळणी झाली म्हटलं, तरी ही विचारेल, कशावरून?"

पण बाईंचे प्रकल्प बघावेत! मुलांना द्यायचा प्रश्न त्या आधी स्वतः इंटरनेटवर शोधत आणि पहिल्याच पानावर उत्तर सापडलं, की प्रश्न खोडून टाकत. "आयतं ताट वाढायला मी कशाला हवी?" यंदा त्यांनी सातवीला विचारलं, "आपल्या नदीवरचा दगडी पूल मोठ्या पुरानंतर बांधला, असं सगळ्या वेबसाइट सांगतात. कशावरून?"

मुलं आठवडाभर संगणकाला चिकटली. शेवटी वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी उठली. "बाई, सगळ्यांनी एकाच पानावरून उतरवलंय. ते पान आपल्या शाळेचं आहे आणि खाली..." ती घुटमळली, "तुमचं नाव आहे. मी बाबांबरोबर पुलाखाली जाऊन आले. तिथे खांबावर त्या पुराच्या पाण्याची खूण सालासकट कोरलीय. म्हणजे पूल आधीपासूनच होता."

बाईंना आठवलं, बारा वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांच्या भाषणात ऐकलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून टाकलं होतं.

त्यांचे कान लाल झाले. मग त्या खळखळून हसल्या, मुलीच्या हातात खडू दिला आणि तिच्या बाकावर जाऊन बसल्या.

"आता तू शिकव," त्या म्हणाल्या. "आणि मी नुसतीच मान डोलवायला लागले, तर मला उभं कर आणि विचार, कशावरून?"