अंजनाक्काचा मालक

सांगलीत आमच्या गल्लीत निरोधशिवाय अंजनाक्काच्या खोलीत जायची कुठल्या गिऱ्हाइकाची टाप नव्हती. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. आम्ही सगळ्याच धंदा करणाऱ्या, पण आजाराचं नाव काढलं की माना खाली घालायचो. अक्का मात्र भर गल्लीत सांगायची, "अंगावर फोड न्हाई म्हणून माणूस निरोगी नसतो गं!" नंतर डेटॉलनं धुतलं की सुटलो, असं मानणाऱ्यांना ती चांगलीच फैलावर घ्यायची.

तिच्या नियमातून एकच जण सुटायचा. मालक. मालक म्हणजे लग्नाचा नवरा नव्हे, आपल्या मनाचा माणूस. त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, त्याच्यासाठी चूल पेटवायची. त्याच्या हातात निरोध दिला तर त्याला गिऱ्हाईक ठरवल्यासारखं होई, म्हणून कुणीच देत नसे. अक्काचा मालक लालासाहेब, उंब्रजचा ट्रक ड्रायव्हर. तिचा फार जीव होता त्याच्यावर.

मग शेजारची माया आजारी पडली. ओटीपोटात कळा, अंगात ताप. अक्का तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, मीही होते. आजार संबंधातूनच आलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माया रडायलाच लागली, "बाई, निरोधबिगर फकस्त माझा मालक येतोय." अक्काचा चेहरा उतरला.

रविवारी लालासाहेब मटण घेऊन आला. अक्कानं पिशवी घेतली आणि त्याच्या हातावर निरोध ठेवला.

"ह्ये काय? मी गिऱ्हाईक हाय व्हय?"

"गिऱ्हाईक ऐकतं तरी! तुमी गाडी कुठं कुठं थांबवता, मी कवा इचारलं न्हाई. आताबी इचारत न्हाई. पर ह्ये लागंल."

"मग मी चाललो. परत यायचो न्हाई, सांगून ठेवतो."

आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो. मला वाटलं, आता अक्का त्याचा हात धरणार. मी असते तर धरलाच असता.

"जावा," अक्का म्हणाली.

तो गेला आणि ती उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडली. मग तोंड धुतलं, चूल पेटवली, त्याच्याच मटणाचा रस्सा केला आणि आम्हाला जेवायला बसवलं. मायाला आळणी रस्सा आधी वाढला.

"आता मालकाच्या हातावर निरोध ठेवणारी पुढची कोण?" वाढता वाढता तिनं विचारलं.

कुणी मान वर करेना. मी हात धुतला आणि फळीवरचं निरोधचं पाकीट घेतलं. माझा मालक सोमवारी येणार होता.