गुरूंची वीणा आणि विमानवाले

आमच्या महाराजांच्या मागं टाळ धरून उभं राहायचं म्हणजे किस्से शोधावे लागत नाहीत, अंगावर येऊन पडतात! आम्ही वरवंडचे. हल्ली टपरीवर बसलं की कुणीतरी विचारतंच, "त्या विमानवाल्यांच्या केसला कोर्टात काय घडलं हो?" सांगतो. पण मधे बोलायचं नाही.

*

आधी नेम समजून घ्या. महाराज कीर्तनाला उभे राहतात ती वीणा त्यांच्या गुरूंची. घरी खुंटीवर, बाहेर पडली की गळ्यात. खाली टेकवायची नाही. महाराज जेवायला बसले की ती माझ्या गळ्यात येते.

एकदा दौंड स्टेशनवर मी तिकिटाच्या लायनीत, आन् महाराजांना हात धुवायचे होते. त्यांनी सरळ चहावाल्याच्या गळ्यात घातली! बिचारा वीणा सांभाळत चहा गाळत होता.

*

बंगळूरच्या भक्तांनी कीर्तनाला बोलावलं, विमानाची तिकिटं पाठवली. आम्ही खुशीत जाऊन बसलो. तेवढ्यात एक मॅडम आल्या, "बाबाजी, ये सामान में जाएगा."

"बाई, हे सामान न्हाई. माझे गुरू हायेत."

मोठे साहेब आले, आवाज चढले, विमान लेट झालं. शेवटी महाराज म्हणाले, "ठिवा सामानात. पर मंग मला बी तिथंच ठिवा!"

आम्हाला खाली उतरवलं. भर उन्हात! माझं डोकं असं फिरलं होतं म्हणून सांगू.

*

पुढं इनामगावच्या कीर्तनात महाराजांनी हे सगळं सांगितलं, कंपनीचं नाव घेऊन. "एवढ्या मोठ्या आभाळात उडत्यात, आन् हातभर वीणेला जागा न्हाई!" मंडप नुसता हसत होता. कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ते गावोगाव फिरलं.

झालं! विमान लेट केलं, बदनामी केली, म्हणून कंपनीनं शिरूरच्या कोर्टात दावा ठोकला. लेखी माफी द्या, मग मागं घेतो, म्हणे.

*

सरपंच आप्पा घाबरले. "महाराज, दोन ओळी लिहा आन् मोकळं व्हा. हरलात तर जमिनीवर टाच यील. मंग कुठं उभं ऱ्हानार?"

"आप्पा, चूक असती तर पाय धरले असते. माफी न्हाई! आन् उभं ऱ्हायचं म्हणाल, तर जन्मभर दुसरं काय केलंय?"

आप्पांनी कपाळाला हात लावला. मी मात्र टाळीच वाजवली.

*

तारखेच्या दिवशी आमचे वकील विनवत होते, "वीणा गाडीत ठेवा हो!" कोण ऐकतंय?

नावाचा पुकारा झाला तेव्हा मी दारातल्या गर्दीत अडकलेलो. महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं. शेजारीच कंपनीचे टायवाले साहेब उभे होते. त्यांच्याच गळ्यात वीणा घातली! "साहेब, तेवढी धरा. खाली ठिवू नका," म्हणाले आणि पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले.

कंपनीचे वकील तावातावानं विचारू लागले. "एक वाद्य खाली ठेवायचं, मिनिटाचं काम. त्यात एवढं अवघड काय होतं?"

"ते तुमच्या सायबांना इचारा."

सगळ्या कोर्टानं वळून पाहिलं. साहेब ताठ उभे, टायवर वीणा, एक हात भोपळ्याखाली.

जजसाहेब म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला ताटकळताय? ठेवा ती खाली आणि बसा."

साहेबांनी फरशीकडं पाहिलं, मग महाराजांकडं.

"नको सर," म्हणाले. "धरतो मी."