लोबेलियाचा डबा

लेखणी धरण्याचा माझा अधिकार नाही; वाचकांनी या धार्ष्ट्याची क्षमा करावी.

निजामी अमलात बीडला तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या, बंगल्यावर एक माळी होता. त्याचे नाव मी कधी विचारले नाही, इतका मला त्याचा हेवा वाटे. पुण्याहून मागवलेले लोबेलिया या विलायती फुलझाडाचे बी मी वाफ्यात दोनदा पेरले. एकही रोप उगवले नाही. त्याच्या घासलेटच्या डब्यांतून मात्र तीच निळी फुले ओसंडत, आणि माझी पत्नी रोज बंगल्याच्या कुंपणाशी थबके.

अखेर मी त्यालाच कारण विचारले.

"मास्तर, तुमी बी मातीत गाडलं आसंल," तो हसला. "धुळीवानी बी हाय ते. वरच भुरभुरायचं. उजेड लागतो त्याला."

मग त्याने एक फुललेला डबाच मला दिला.

"शाळेच्या आवारात मीच वाढवला," असे मी घरी सांगितले. पत्नी हरखली. दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत ती कुंपणावरून म्हणाली, "माळीबुवा, तुम्ही एकटेच हुशार नाही हो! आमच्या ह्यांचीही फुलं बघा."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "बघितली बाईसाब. माझ्याहून लई चांगली हायेत."

त्या क्षणाइतका हेवा मला त्याचा कधीच वाटला नव्हता. पत्नीला मी अद्याप खरे सांगितलेले नाही. आपण सांगितले असते काय?